स्विचचं हेडफोन सॉकेट बिघडलंय, आवाज पोकळ येतो. मदरबोर्ड बदलायलाच लागेल का? (सोलापूर)

अशोकचौक_ताई

नमस्कार मंडळी. आमच्याकडे निन्टेन्डो स्विच (हातात धरून खेळायचं गेम मशीन) आहे, पहिलं मॉडेल. नंतर आलेलं लाइट नाही, ओएलईडीही नाही. आत्येभावानं दुबईहून आणला होता, त्यामुळं वॉरंटीचा प्रश्नच नाही. मी आणि धाकटा भाऊ मिळून वापरतो.

आमचं घर अशोक चौकाच्या पुढं, खाली माग आणि वर राहायला. माग चालू असताना स्विचच्या स्पीकरचा आवाज कानापर्यंत पोचतच नाही. हेडफोन लावला तरच खेळ कळतो, म्हणून हे सॉकेट आमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे.

आता होतंय असं: हेडफोन लावला की संगीत येतं, पण पोकळ, विहिरीतून आल्यासारखं. पात्रं बोलतात ते जवळजवळ गायबच असतं. पावलांचे, बाजूचे आवाज मात्र येतात. पिन जरा आत दाबून धरली की बोलणं परत येतं, बोट काढलं की गेलं. पूर्वी पिन ‘टक्’ करून बसायची. आता बसत नाही, थोडीशी बाहेरच राहते. भाऊ म्हणतो की मध्येच कधीकधी सगळाच आवाज बंद होतो.

नवी पेठेत एका दुकानात दाखवलं. त्यांनी पिन घालून बघितली आणि ‘मदरबोर्ड गेलाय’ म्हणाले. जो आकडा सांगितला त्यात वापरलेला अख्खा स्विच येईल. खरंच मदरबोर्ड बदलायला लागतो का? आणि तोपर्यंत खेळायचं कसं? भावाची दहावी आहे. अभ्यासानंतरचा एक तास त्याचा हक्काचा असतो आणि तोच आता गेलाय.

जुळेसोलापूरकर

मदरबोर्डचं जाणकार सांगतील. तोपर्यंत ब्लूटूथ वापरा की. सप्टेंबर २०२१ च्या १३.०.० अपडेटपासून स्विचला ब्लूटूथ हेडफोन चालतो. सेटिंगमध्ये ‘ब्लूटूथ ऑडिओ’ आहे, तिथून जोडायचा.

दोन-तीन गोष्टी माहीत असू द्या. हेडफोनचा माइक चालत नाही. ब्लूटूथ हेडफोन जोडलेला असताना वायरलेस कंट्रोलर दोनच जोडता येतात. आणि दोन स्विच शेजारी ठेवून एकमेकांना जोडून खेळायला गेलात की ब्लूटूथ हेडफोन तुटतो. आवाज किंचित उशिरा येतो. गोष्टीच्या, कोड्यांच्या खेळात जाणवत नाही, तालावर बटणं दाबायच्या खेळात मात्र मजा जाते.

दुसरा उपाय म्हणजे खालच्या यूएसबी-सी पोर्टला हेडफोनचा ॲडॅप्टर. घेताना आत स्वतःची ऑडिओ चिप असलेलाच घ्या. बिनचिपचे स्वस्तातले तुकडे काही ठरावीक फोनवर चालतात, स्विचवर नाही. आणि तो लावला की चार्जिंगला जागा उरत नाही, हे लक्षात ठेवा.

कार्डवाले_काका

ताई, मदरबोर्डचा विषय आधी डोक्यातून काढून टाका. तुमच्या मॉडेलमध्ये हेडफोनचं सॉकेट मदरबोर्डवर नाहीच. गेम कार्ड घालता तो स्लॉट आणि हे सॉकेट मिळून एक वेगळा छोटा बोर्ड असतो. तो कनेक्टरनं मदरबोर्डला जोडलेला असतो, सुटा विकत मिळतो, स्क्रू काढून बदलता येतो. डाग लावायची (सोल्डरिंगची) गरज नाही. नुसती पिन घालून बघायची आणि मदरबोर्ड सांगायचा, यानं लोकांची चांगली यंत्रं भंगारात जातात. मला याचा मनापासून राग येतो.

माझं काम अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, मागावरच्या इलेक्ट्रॉनिक जॅकार्डची (कापडात नक्षी विणणाऱ्या यंत्राची) सर्किट कार्डं दुरुस्त करायचं. कनेक्टर, पिना, संपर्क यांतच दिवस जातो. म्हणून सांगतो, तुम्ही लक्षण फार नेमकं लिहिलंय. ‘बोलणं गायब, बाजूचे आवाज शिल्लक’ एवढ्यावर निम्मं निदान होतं.

पिनेकडं नीट बघा. काळ्या रेघांनी तिचे चार भाग पडलेले दिसतील. टोक डाव्या कानाचं, त्याच्या मागचा भाग उजव्या कानाचा, तिसरा ग्राउंड, मुळाशी माइक. दोन्ही कानांचा करंट परत जातो तो त्या ग्राउंडमधून. पिन पुरती आत गेली नाही की सॉकेटची ग्राउंडची पत्ती पिनेच्या तिसऱ्या भागावर टेकत नाही. मग करंट एका कानातून दुसऱ्या कानात फिरतो आणि तुम्हाला ऐकू येतो फक्त डाव्या-उजव्यातला फरक. पात्रांचं बोलणं दोन्ही बाजूंना सारखं भरलेलं असतं, ते एकमेकांना खाऊन टाकतं. पावलं एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, म्हणून ती उरतात. आवाजाची चिप मेली असती तर असं निवडून काही गेलं नसतं. चिप शाबूत आहे तुमची.

एक खात्री आधी करा. दुसरा एखादा हेडफोन लावून बघा, आणि तुमचा हेडफोन फोनला लावून बघा. काही जुन्या हेडफोनमध्ये ग्राउंड आणि माइकची जागा उलटी असते, त्यांनाही अस्साच पोकळ आवाज येतो.

आता पिन बाहेर का राहते? खाली माग आणि वर घर म्हटल्यावर माझा पहिला संशय तुसावर, म्हणजे सुताच्या बारीक तंतूंवर. आमच्याकडं येणाऱ्या कार्डांच्या कनेक्टरमध्ये हाच तूस ठासून भरलेला असतो. सॉकेटमध्ये तो एकदम भरत नाही. थोडा जातो, पिन त्याला आत दाबते, परत थोडा जातो, परत दाबला जातो. शेवटी तळाशी नमद्यासारखी घट्ट टिकली तयार होते आणि पिनेला बसायला जागाच राहत नाही.

काढायचं असं. स्विच पूर्ण बंद करा, नुसता झोपवू नका. पॉवरचं बटण धरून ठेवलं की बंद करायचा पर्याय येतो. मोबाइलचा टॉर्च सॉकेटमध्ये सरळ मारा. लाकडी टूथपिक ब्लेडनं तासून बारीक करा. सॉकेटचं तोंड खाली ठेवून, कडेकडेनं हलक्या हातानं खरवडत तूस मोकळा करा. सुई, टाचणी, यू-पिन अजिबात नको. आतल्या पत्त्या स्प्रिंगच्या असतात, एकदा वाकल्या की हातानं सरळ होत नाहीत. तोंडानं फुंकू नका, थुंकीची वाफ आत जाते. आणि भाऊ पंक्चरच्या दुकानातली हवा मारू म्हणेल, त्याला आताच सांगून ठेवा. त्या हवेत टाकीतलं पाणी आणि तेल असतं.

सेटिंगमधलं ‘हेडफोन निघाल्यावर आवाज बंद’ हेही बघा. ते चालू असेल तर पिन जरा हलली की स्विचला वाटतं हेडफोन काढला, आणि तो सगळा आवाज बंद करतो. भावाची ती तक्रार बहुतेक याचीच.

पीएसपी_बाळे

काकांनी लिहिलेलं शंभर टक्के खरं. माझ्याकडं २००८ साली निघालेलं पीएसपी ३००० (सोनीचं हातातलं गेम मशीन) आहे, अजून रोज खेळतो. त्याला ब्लूटूथ नाही, म्हणून सॉकेट गेलं की सगळंच गेलं.

माझ्यात उलटं झालं होतं. हेडफोन काढला तरी स्पीकर बंदच. सॉकेटमध्ये पिन आली-गेली ओळखणारा एक छोटा संपर्क असतो, त्याच्यावर गंज चढला की मशीनला वाटतं पिन अजून आतच आहे. पिनेला जरासं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून आत-बाहेर, आत-बाहेर करत राहिलो, मग वाळू दिलं. तेव्हापासून स्पीकर व्यवस्थित वाजायलाय.

आणि पिनेचं टोक आत तुटलं असेल कुणाचं, तर गोंद लावून ओढायचं ते व्हिडिओ बघून करू नका. गोंद पत्त्यांवर गेला की संपलं. रिकाम्या रिफिलची नळी तुटक्या टोकावर घट्ट बसते का ते बघा. बसली तर सरळ ओढा, नाही तर सॉकेट बदला.

अशोकचौक_ताई

काका, तूसच निघाला! टॉर्च मारल्यावर तळाशी करड्या रंगाची टिकली दिसली. टूथपिकनं कडा सुटल्यावर अख्खी बाहेर आली, आणि तिच्यात निळा धागा होता. खाली सध्या निळ्या काठाचे टॉवेल चालू आहेत, म्हणजे ही टिकली आमच्याच मागांची. दोन हेडफोन लावून बघितले, दोन्हीला बोलणं परत आलं. पिन ‘टक्’ करून बसते. ते सेटिंगही चालू होतं, बंद केलं.

अजून एक राहिलंय. पिन बाजूला ढकलली गेली की डावा कान जातो. सरळ असताना ठीक. भाऊ आडवा पडून खेळतो आणि आमच्या हेडफोनची पिन सरळ, लांब आहे, ती उशीला टेकते. हे पण साफ करून जाईल का?

कार्डवाले_काका

छान झालं. ती टिकली भावाला दाखवून ठेवा.

डाव्या कानाचं मात्र साफसफाईनं जाणार नाही, ताई. टोकाला धरणारी पत्ती ढिली झालीय, किंवा सॉकेटचा डाग बोर्डावरून हललाय. सरळ लांब पिन बाजूला दाबली की तिची तरफ होते आणि सगळा जोर त्या बारक्या डागांवर येतो. आजच एक करा. काटकोनी पिनेची आखूड एक्स्टेन्शन वायर आणा, ती सॉकेटला कायमची लावून ठेवा आणि हेडफोन तिच्या दुसऱ्या टोकाला घाला. तूस जायला वाटही राहणार नाही. ती चार भागांच्या पिनेची असू द्या, तीन भागांची घेतलीत तर माइक जाईल.

एवढ्यावर चाललं तर चालू द्या, उघडायची घाई नको. वाढलं तर बोर्ड बदला. काही शे रुपयांचं काम आहे. लाइट आणि ओएलईडीचे भाग वेगळे असतात, त्यामुळं मागताना ‘पहिलं मॉडेल, गेम कार्ड स्लॉट आणि हेडफोन सॉकेटचा बोर्ड’ असं स्पष्ट सांगा.

दुकानात देणार असाल तर एवढंच विचारा: ‘वाय खाचेचा स्क्रूड्रायव्हर आहे का?’ मागच्या झाकणाचे चार स्क्रू त्या खाचेचे असतात. दुसरं काहीतरी घालून फिरवणारा माणूस त्या खाचा खाऊन टाकतो. घरी करणार असाल तर आधी गेम कार्ड आणि मायक्रोएसडी कार्ड बाहेर काढा. स्टँडखालचा स्क्रू विसरू नका, आणि झाकण उचलताना गेम कार्डचा दरवाजा उघडा ठेवा. आत एक पत्र्याचं आवरण लागेल, त्याला उष्णता वाहून न्यायचा मलम चिकटलेला असतो. तो पुसून टाकू नका, नाही तर नवा लावायची तयारी ठेवा. आपल्याकडचा मे महिना त्या मशीनलाही सोसायचा आहे. पत्रा निघाला की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सरळ वर उचलून सोडवा, मगच बाकीच्याला हात लावा. मध्ये येणाऱ्या फितींची (चपट्या वायरींची) कुलपं नखानं उचलायची, ओढायच्या नाहीत. स्क्रू कमी-जास्त लांबीचे आहेत, कागदावर स्विचचं चित्र काढून त्या त्या जागी ठेवत जा.

बोर्ड मागवायच्या आधी त्याचा फोटो इथं टाका. मी बघून सांगतो तुमच्या मॉडेलचा आहे की नाही.