मदत हवी आहे: १६ सी आणि १८ सी, मध्ये एक रांग आहे का?

अनुजा_ठाणे:
आईबाबा लुफ्तान्साने मुंबई-फ्रँकफर्ट-मिलान जाणार आहेत. दुसऱ्या टप्प्याला ए३२० विमान आहे, त्यात १६ सी आणि १८ सी मिळाल्यात. सीट मॅपवर १६ नंतर थेट १८ दिसतंय. मॅप अर्धवट लोड होतोय, की १७ भरली म्हणून लपवली आहे? बाबांचा डावा गुडघा फार वेळ दुमडून ठेवता येत नाही, आणि आईला त्यांच्या जवळच बसायचंय. पैसे भरून इमर्जन्सी दाराजवळची सीट घ्यावी का? पहिल्या विमानात अजून काहीच निवडलेलं नाही.

उडाणटप्पू:
मॅप बरोबर आहे. लुफ्तान्साच्या विमानांत १३ आणि १७ या रांगाच नसतात. १३ चं कारण सगळ्यांना ठाऊक आहे; १७ इटली आणि ब्राझीलमध्ये अशुभ मानतात. म्हणजे १८ सी ही १६ सीच्या बरोब्बर मागची सीट. भरलेली रांग मॅपवर करडी किंवा फुली मारलेली दिसते, गायब होत नाही.

रांगेचा आकडा म्हणजे पुढून मोजलेली संख्या असं धरूच नका. सिंगापूर एअरलाइन्सच्या ७७७-३००ईआर मध्ये बिझनेस ११ पासून आणि इकॉनॉमी ४१ पासून सुरू होते. एमिरेट्सच्या काही ए३८० मध्ये खालच्या मजल्यावरची पहिलीच रांग ४३! आकड्यावरून वर्ग लगेच कळावा, म्हणून मध्ये मोकळे आकडे सोडतात. आपल्याकडे इंडिगोच्या ए३२० मध्ये मात्र १३ बिनधास्त असते, आणि तीही इमर्जन्सी दाराची.

कोकणकडा:
इमर्जन्सी दाराचा नाद सोडा. तिथे बसणाऱ्याला वेळ पडली तर दार उघडता आलं पाहिजे. गुडघ्याचा त्रास दिसला की क्रू ऐनवेळी उठवतो आणि उरलेली कुठलीतरी सीट देतो. अगदी पुढची, भिंतीसमोरची सीटही फसवी असते. पाय पुढच्या सीटखाली सरकवता येत नाही, आणि ट्रे आर्मरेस्टमध्येच असल्याने मधला आर्मरेस्ट उचलता येत नाही.

खरा प्रश्न आहे कुठली बाजू घ्यायची. सीवर बसलं की वाट उजव्या हाताला येते, डीवर बसलं की डाव्या. डावा पाय लांब करायचा तर बाबांना डी हवी. १६ डी रिकामी असेल तर १८ सी सोडून द्या: बाबा १६ डी, आई १६ सी. एकाच रांगेत, मध्ये फक्त वाट. ट्रॉली येताना पाय आत घ्यायला सांगा, नाहीतर चाक बसतं.

अनुजा_ठाणे:
हे डोक्यातच आलं नव्हतं! १६ डी रिकामी होती, घेतली. आता पहिल्या विमानाचा मॅप उघडलाय, त्यात ए नंतर थेट सी आहे आणि शेवटी एच, के. बी आणि जे कुठे गेले?

उडाणटप्पू:
२-४-२ रचना आहे म्हणून: खिडक्यांकडे दोन-दोन सीट, मध्ये चार, आणि दोन वाटा. अशा दोन वाटांच्या विमानात बहुतेक वेळा ए आणि के खिडकी, सी-डी आणि जी-एच वाटेकडेच्या. दोनच सीट असल्या की मधलं अक्षर गाळतात. आय तर सहसा वापरतच नाहीत, एकच्या आकड्यासारखा दिसतो. तुमच्यासाठी एच-के ही जोडी घ्या. एचची वाट डाव्या हाताला येते, आई खिडकीत, आणि तिसरं कुणी ओलांडून जाणारं नाही. ए-सी घेतलीत तर वाट उजवीकडे जाईल.

विमान बदललं आणि ३-४-३ आलं तर बाबा डी, आई ई. विमान बदललं की सिस्टीम सीट आपोआप वाटते, तेव्हा आदल्या दिवशी चेक-इन करताना आकडा आणि अक्षर दोन्ही पुन्हा ताडून बघा.

कोकणकडा:
युरोपातल्या टप्प्याबद्दल एक राहिलं. तिथे लुफ्तान्साच्या बिझनेसमध्ये वेगळ्या खुर्च्या नसतात. त्याच तीन सीटपैकी मधली रिकामी ठेवतात, आणि बुकिंग बघून पडदा मागेपुढे सरकवतात. त्यामुळे इकॉनॉमी कितव्या रांगेपासून हे दर फ्लाइटला बदलतं. १६ बरीच मागे आहे, पण सुरुवातीच्या रांगांमधली सीट घेतलेल्यांना कधीकधी मागे हलवतात.