पूरग्रस्तांसाठी कानातल्या सुयांचं शिबिर घ्यावं का?

वाशिष्ठीकाठ:
नमस्कार मंडळी. मी चिपळूणची. 22 जुलै 2021 ला बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा आम्ही चौघं रात्रभर गच्चीवर होतो. दुकान पुन्हा उभं राहिलं, पण पावसाळ्यातली झोप गेली ती गेलीच. पत्र्यावर सर वाजायला लागली की सासूबाई अंधारात उठतात आणि जिन्याच्या किती पायऱ्या कोरड्या आहेत ते हाताने चाचपून बघतात. आमच्या आळीत घरोघरी असंच काही ना काही आहे.

आमच्या महिला मंडळाला पुण्याच्या एका ॲक्युपंक्चरवाल्या बाईंनी सुचवलंय की प्रत्येक कानात पाच सुया लावून वीस-वीस जणांना एकत्र बसवायचं. परदेशात मोठ्या आपत्तींनंतर असं करतात म्हणे. याचा खरंच उपयोग होतो का? काही धोका? आणि लोकांना काय सांगून बोलवायचं? खोटी आशा दाखवायची नाहीये.

तालुक्याचा_डॉक्टर:
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. याच पाच बिंदूंच्या पद्धतीची एक मोठी चाचणी 2002 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. कोकेनच्या व्यसनातले 620 जण, तीन गट. एका गटाला नेमक्या बिंदूंवर सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी सुया, तिसऱ्याला मन शांत करणाऱ्या चित्रफिती. सुयांचा गट बाकीच्या दोघांहून सरस ठरला नाही. इतकी वर्षं झोप उडालेल्या माणसाला मानसोपचारतज्ज्ञ हवा, समुपदेशक हवा. पुरात तर आधी बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या वाहून जातात, त्या पोचवा. शिबिराचा पैसा तिकडे लावा असं माझं मत.

सोलापूरकर_ब्राँक्स:
वाशिष्ठीकाठ ताई, मी मूळची सोलापूरची. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये एका व्यसनमुक्ती केंद्रात 19 वर्षं काम केलं, आता निवृत्त आहे. तुम्ही म्हणताय त्याच पाच सुया मी रोज लावत होते, म्हणून सविस्तर लिहिते.

डॉक्टरांनी सांगितलेली चाचणी खरी आहे आणि तिचा निकालही तसाच आहे. सुईने व्यसन सुटतं असं मी एकाही माणसाला सांगितलेलं नाही.

पण ही पद्धत आली कुठून ते ऐका. 1970 च्या सुमाराला दक्षिण ब्राँक्समध्ये हेरॉइनने घरंच्या घरं बसवली होती आणि वस्तीत उपचाराची सोय जवळपास नव्हती. 1970 च्या नोव्हेंबरात यंग लॉर्ड्स या पोर्तो रिकन तरुणांच्या संघटनेने इतर कार्यकर्त्यांबरोबर लिंकन हॉस्पिटलचा एक भाग ताब्यात घेतला आणि तिथेच व्यसनमुक्तीचं काम सुरू झालं. आधी मेथाडोन, म्हणजे हेरॉइनची तलफ आवरणारं औषध, देत. मग हाँगकाँगच्या डॉ. वेन यांचं निरीक्षण कानावर आलं, की कानाला सुया लावल्यावर अफूच्या रुग्णांची तगमग कमी होते. तिथले कार्यकर्ते मुटुलू शकूर आणि इतर काहीजण ही विद्या शिकले. पुढे मानसोपचारतज्ज्ञ मायकेल स्मिथ यांनी पाच बिंदूंची पद्धत बसवली आणि 1985 साली ती शिकवणारी नॅडा ही संस्था निघाली. गरज वस्तीची होती, हात वस्तीतलेच होते. शिकायला सत्तर तास, सामान पिशवीत मावतं आणि एक माणूस वीस जणांना बसवू शकतो. म्हणून तर 2005 मध्ये कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सला हीच पद्धत वापरली गेली, ॲक्युपंक्चरिस्ट्स विदाउट बॉर्डर्स ही संस्था तिथूनच सुरू झाली.

आता मी डोळ्यांनी पाहिलं ते. आमच्याकडे खुर्च्या गोल मांडलेल्या, दिवे मंद, चाळीस मिनिटं कुणी बोलायचं नाही. ज्याच्यावर बेतलंय त्याला तिथे आपली कहाणी सांगावी लागत नाही, हे फार मोठं आहे. एक बसचालक यायचे. सहा दिवस अंगातलं जाकीट काढलं नाही, उठून पळायच्या तयारीत बसायचे. सातव्या दिवशी आले, जाकीट खुर्चीच्या पाठीला अडकवलं आणि बसले. त्याच आठवड्यात समुपदेशकाच्या खोलीचं दार त्यांनी स्वतःहून वाजवलं. सुईने काय केलं आणि शांत बसण्याने काय केलं, ते मला वेगळं करून दाखवता येणार नाही. पण त्या खोलीत आले नसते तर दारापर्यंत पोचले नसते.

आणि औषध थांबवायचं नाही! 2017 च्या ऑक्टोबरात अमेरिकेने अफूवर्गीय औषधांच्या व्यसनाच्या साथीला आरोग्य आणीबाणी जाहीर केलं, तेव्हा जीव वाचवत होती ती मेथाडोन आणि त्याच कामाचं ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं. सुया त्यांच्या जोडीला. तुमच्याकडेही गोळ्या आधी, समुपदेशक शेजारच्या खोलीत, सुया त्यानंतर.

धोक्याचं विचारलंत. आमच्या केंद्रात एकदा सुया काढताना दहाच्या नऊ निघाल्या. घाई होती, कुणी मोजल्या नाहीत. दहावी त्या माणसाच्या लोकरीच्या टोपीत अडकून घरी गेली आणि त्याच्या लहान मुलीच्या बोटात रुतली. नशिबाने काही झालं नाही, पण तिच्या रक्ताचा अहवाल येईपर्यंत आम्ही कुणी धड जेवलो नाही. त्या दिवसापासून प्रत्येक खुर्चीला चिठ्ठी लावली: लावल्या किती, काढल्या किती. कानातली सुई केसासारखी बारीक असते, न कळत गळून पडते. शेवटी फरशीवरून लोहचुंबक फिरवायचं. प्रत्येक माणसाला नवी सुई, वापरलेल्यांना जाड प्लास्टिकचा बंद डबा. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, दिवस गेलेत का, हे आधी विचारा. उपाशी माणसाला बसवू नका, चक्कर येते. त्या बाईंची महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषदेकडे नोंदणी आहे का तेही बघा.

जाता जाता: सोलापूरचे डॉ. कोटणीस चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले असं आमच्याकडे बरेचजण सांगतात. ते शल्यचिकित्सक होते, 1942 मध्ये तिकडेच वारले. ही विद्या पुढे शिकून भारतात आणली ती चीनला गेलेल्या त्यांच्या वैद्यकीय पथकातल्या डॉ. बिजयकुमार बसू यांनी, कोलकात्याला.

तालुक्याचा_डॉक्टर:
औषध आधी आणि समुपदेशक शेजारी, असं असेल तर माझा विरोध नाही. बीपी तपासायला मी माणूस पाठवतो. फक्त फलकावर 'उपचार' हा शब्द नको.

वाशिष्ठीकाठ:
फलकावर 'शांत बसायची जागा' एवढंच लिहितो. शाळेचा वर्ग मिळालाय, वीस खुर्च्या, चिठ्ठ्या आजच कापल्या. सासूबाई म्हणतात, सुई नको, पण बसायला येते. चालेल का?

सोलापूरकर_ब्राँक्स:
येऊ द्या की. नुसतं बसणाऱ्यांसाठी आमच्याकडे दोन खुर्च्या कायम राखून ठेवलेल्या असत. त्यांना दाराजवळची द्या, जिथून पायऱ्या दिसतात.