प्रतिसाद: खत जळत नाही, पण फुटतं

'अमोनियम नायट्रेट हे खत स्वतः जळत नाही, मग दुकानात साठवायला भीती कसली?' हा मुद्दा अर्धाच खरा आहे. ते जळत नसलं तरी आगीला प्राणवायू पुरवतं. त्यात प्रचंड उष्णता, कोंडलेली जागा आणि डिझेल किंवा कोळशासारखी भेसळ जुळून आली की स्फोट होऊ शकतो.

टेक्सासमधल्या वेस्ट गावात १७ एप्रिल २०१३ला हेच झालं. खत-बियाण्यांचं दुकान, इमारत लाकडी, खताचे कप्पेही लाकडीच, पाण्याचे फवारे नाहीत. आगीची वर्दी गेल्यावर साधारण २० मिनिटांत सुमारे ३० टन खत फुटलं. १५ माणसं गेली, त्यांतली १२ आग विझवायला, मदतीला धावलेली! जवळच शाळा आणि वृद्धाश्रम होता. आग कशी लागली यावर वाद आहेत, पण लाकडी कप्प्यांबद्दल वाद कसला?

म्हणून कप्पे काँक्रीटचे हवेत. बियाणं, इंधन, रिकामी पोती लांब हवीत. आत काय आणि किती आहे, ते अग्निशमन दलाला आधीच माहीत हवं. आणि आग साठ्यापर्यंत पोचली असेल तर विझवत बसू नये, आधी आसपासची माणसं हलवावीत.