शिबिरं बंद करा म्हणणाऱ्या वकीलसाहेबांना

तापीकाठ: काल 'कोर्टरोड' यांनी लिहिलं, "लॉ कॉलेजची कायदे शिबिरं म्हणजे बॅनर आणि फोटो. पोरांना पाड्यावर नेण्यापेक्षा सीनिअरच्या हाताखाली बसवा." वाचून राग आला.

शेवटच्या वर्षाला धडगावकडच्या एका पाड्यावर गेलो होतो. आजोबांचा वनदावा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरच्या हक्काचा दावा, उपविभागीय समितीने फेटाळलेला. ६० दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. गावातल्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाब पुराव्यात धरतात, हे मला पाठ. पण तो लिहून घ्यायचा कसा? ताबा १३ डिसेंबर २००५ आधीचा दाखवायचा आणि शेजारच्या म्हातारबाबांना सन सांगता येईना. "बहात्तरच्या दुष्काळात इथंच नागली पेरलेली," एवढं ते पावरीत, तिथल्या आदिवासी बोलीत, बोलले. त्यावरून जबाब उभा केला. हे कुठल्या चेंबरमध्ये शिकलो असतो?

कोर्टरोड: एका आजोबांवरून धोरण ठरत नाही, भाऊ. अमळनेरला २२ वर्षं वकिली करतोय. तीन वर्षांच्या कोर्सला १२ आठवडे, पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे इंटर्नशिप सक्तीची. पोरं दोन दिवस येतात, तिसऱ्या दिवशी सर्टिफिकेटवर सही मागतात. वकीलपत्र भरता येत नाही. वकिलीची सनद (परवाना) नसलेल्या पोराने चुकीचा सल्ला दिला आणि मुदत गेली, तर कुणाला धरायचं?

शहादेकर: दोघंही भाषेचं बोलत नाही. मूट कोर्ट (कॉलेजातला सरावाचा खटला) इंग्रजीत, तालुका कोर्टाचं काम मराठीत, पक्षकार बोलतो अहिराणीत! इंग्रजी अडखळली म्हणून मला कॉलेजच्या मूट टीममधून काढलं होतं. आज "काय व्हयनं, मावशी?" विचारलं की साक्षीदार मोकळा बोलतो.

कोर्टरोड: मग हायकोर्टाचे निकाल अहिराणीत वाचणार का?

शहादेकर: वाचायला इंग्रजी येतं मला. ऐकून घ्यायला कुणी शिकवलं नाही, हे सांगतोय. तुमच्या पिढीने पक्षकाराला कायम दाराबाहेर उभं केलं.

कोर्टरोड: पिढी काढू नका. फी न घेता किती केसेस चालवल्या, ते माझं मला माहीत.

तापीकाठ: भाषेवर वेगळा धागा काढा, इथे शिबिरांचं चाललंय.

शहादेकर: वेगळा कशाला? तुम्ही पावरी कुणाच्या मदतीने समजून घेतली, ते आधी सांगा.

तापीकाठ: पाड्यावरच्या आशाताईंच्या. मान्य, त्यांच्याशिवाय जमलं नसतं.

जामनेरची लेक: मी वकील नाही. नवऱ्याने सोडलेली माझी बहीण फीच्या भीतीने दोन वर्षं घरी बसली. बाजाराच्या दिवशी लॉ कॉलेजच्या एका मुलीने सांगितलं, बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, १५१०० या हेल्पलाइनला फोन करा. १९८७ चा कायदा आहे म्हणे. आमच्या ओळखीच्या वकिलांनी हे कधीच सांगितलं नव्हतं. पोटगीचा अर्ज नंतर तशाच मोफत वकिलामार्फत मार्गी लागला.

कोर्टरोड: ताई, ते सांगायला हवं होतं, चुकलंच. 'बंद करा' हा शब्द मागे घेतो. बाकी काही मागे घेत नाही. पोरांसोबत सनदवाला हवा, आणि ज्या पोराने अर्ज लिहिला त्याने पुढच्या तारखेलाही यायचं.

तापीकाठ: तुम्ही याल का सोबत? पुढच्या शनिवारी अक्कलकुव्याला जातोय.

कोर्टरोड: शनिवारी तारखा नसल्या तर. अर्जांचे मसुदे मात्र आधी पाठवा, तपासल्याशिवाय एकही जाणार नाही.

शहादेकर: मसुदे कुठल्या भाषेत?