मदत हवी आहे : जुळी शिंगरं शर्यतीला उतरतील का?

निपाणीजवळ एका थरोब्रेड (शर्यतीच्या जातीच्या) घोडीला जुळी शिंगरं झालीत, दोन्ही जिवंत. एक ३२ किलोचं, दुसरं २६. एकटं शिंगरू ५० किलोच्या आसपास भरतं. घोडीची वार अख्ख्या गर्भाशयाला चिकटून पोसते. दोघांत जागा वाटली गेली की एक तरी उपाशी राहतं, म्हणून बहुतेक जुळी मधेच गाभडतात. (बीज सुटल्यापासून १४ ते १६ दिवसांत स्कॅन करून एक गर्भ दाबून टाकतात; इथं ते राहूनच गेलं.)

चीक पहिल्या सहा तासांत पोटात गेलाय, धाकट्याला बाटलीनं. काळजी पायांची आहे. धाकट्याचे पुढचे गुडघे आत वळतात, मागचा टाचेचा सांधा बसका दिसतो. तिथली लहान हाडं कच्ची असली तर अंगाच्या भारानंच चेपतात. मग शर्यत विसरायचीच.

बेळगाव, चिकोडी किंवा कोल्हापूरकडून कुणी डॉक्टर जागेवर येऊन गुडघ्याचा आणि टाचेचा एक्स-रे काढतात का? तोवर खोलीतच कोंडून ठेवायचं ठरलंय. पुढं किती दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा? थोरल्याचे पाय सरळ आहेत. त्याला दोन वर्षांचं झाल्यावर ट्रेनिंगला घालावं की तिसऱ्यापर्यंत थांबावं? धाकट्याला घोडागाडीला जुंपा, असं कृपया सुचवू नका. डांबरी रस्त्यावर ते सांधे आधी जातील.