‘ब्राव्हो टू झीरो’: मेलेल्या सोबत्यावर दोष टाकायचा हक्क कुणाला?

अक्षरवेल

फौजेची स्वप्नं पाहणारी मुलं अँडी मॅक्नॅबचं ‘ब्राव्हो टू झीरो’ (१९९३) एकमेकांना देतात, भारावून जातात. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जानेवारी १९९१, आखाती युद्ध. एसएएस या ब्रिटिश लष्कराच्या विशेष दलातल्या, मॅक्नॅबच्या नेतृत्वाखालच्या आठ जणांना चिनूक हेलिकॉप्टरनं इराकच्या वायव्य भागात उतरवलं. काम होतं मुख्य रस्त्यावर नजर ठेवणं आणि स्कड क्षेपणास्त्रांचा माग काढणं. लवकरच ते उघडे पडले, बिनतारी संदेशांना उत्तर मिळेना, आणि सीरियाच्या दिशेनं पळताना अंधारात तुकडी दुभंगली. तिघं मेले, चौघं पकडले गेले. एकटा क्रिस रायन सुमारे तीनशे किलोमीटर चालत सीरियात पोचला. त्यानं १९९५ मध्ये स्वतःचं पुस्तक काढलं.

माझा राग या दुसऱ्या पुस्तकावर आहे. सार्जंट विन्स फिलिप्स तुकडीत दुसऱ्या क्रमांकावर होता. बर्फवाऱ्यात रायनच्या मागे चालताना तो मागे पडला आणि गारठून मेला. रायनच्या पुस्तकात त्याचं चित्र असं, की याचं मन मोहिमेत नव्हतं आणि मेंढपाळ पोराच्या नजरेला तुकडी पडली तीही याच्यामुळे. पुढे या पुस्तकावर चित्रपट आला. विन्सच्या घरच्यांनी त्याचं नाव स्वच्छ व्हावं म्हणून किती आटापिटा केला!

मॅक्नॅब आणि रायन ही दोन्ही टोपणनावं आहेत, हे लक्षात घ्या. जिवंत माणसं टोपणनावाआड सुरक्षित, आणि मेलेला तेवढा खऱ्या नावानिशी छापला. त्याच्या गावात, त्याच्या मुलांच्या शाळेत ते नाव सगळ्यांना ठाऊक. जो उत्तर द्यायला उरलेला नाही त्याच्यावर ठपका ठेवताना लेखकाकडे स्वतःच्या आठवणीपलीकडे काहीतरी पुरावा हवा. तो नसेल तर ते वाक्य छापू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माळरान

असहमत, आणि पूर्ण असहमत.

शेवटच्या रात्रींत विन्सच्या सोबत दोनच माणसं होती. त्यातला एक रायन. त्यानं जे पाहिलं ते तो सांगणार नाही, तर कोण सांगणार? त्या थंडीत कागदी पुरावा कुठून आणायचा? मेलेल्याबद्दल फक्त चांगलंच लिहायचं असा दंडक घातला तर युद्धाची सगळी आत्मकथनं श्रद्धांजलीचे लेख होतील. माणूस थकतो, घाबरतो, त्याचा पाय उचलत नाही. हे लिहिणं म्हणजे बदनामी नव्हे. उलट कमांडोही हाडामांसाचाच असतो हे त्यातूनच कळतं. घरच्यांचं दुःख मला कळतं, पण त्यांना बरं वाटावं म्हणून साक्षीदारानं गप्प बसावं हे पटत नाही.

कुसळ

@माळरान, थकवा लिहिणं वेगळं आणि ‘आम्ही सापडलो ते याच्यामुळे’ म्हणणं वेगळं. पहिलं वर्णन आहे, दुसरा आरोप. आणि आरोप तपासला गेला आहे. मायकेल अ‍ॅशर हा स्वतः एसएएसच्या राखीव रेजिमेंटमध्ये होता, अरबी बोलतो, बेदुइन या भटक्या अरबांमध्ये राहिलेला. तो इराकमध्ये त्या जागी गेला आणि तिथल्या कुटुंबाशी बोलला. त्याचं पुस्तक २००२ चं. त्या लोकांचं म्हणणं असं, की पोरानं कुणाला पाहिलंच नव्हतं. बुलडोझर चालवत आलेल्या त्याच्या नातेवाईकानं पाहिलं. म्हणजे ज्या प्रसंगावरून विन्सला दोष दिला तो प्रसंगच डळमळीत आहे.

मॅक्नॅबच्या पुस्तकातले चिलखती गाड्यांशी झुंज आणि अडीचशेच्या घरात इराकी ठार-जखमी हे तपशीलही तिथल्या माणसांनी नाकारले.

माळरान

@कुसळ, अ‍ॅशर गेला तेव्हा इराकमध्ये सद्दामचं राज्य होतं. परदेशी माणूस सरकारी परवानगीनं येतो आणि दहा वर्षांपूर्वीच्या चकमकीबद्दल विचारतो, तेव्हा गावकरी मोकळेपणानं बोलतील? ‘आमची माणसं शेकड्यानं मेली’ असं तिथं कोण म्हणेल? एका बाजूची आठवण संशयास्पद आणि दुसऱ्या बाजूची प्रमाण, हा कुठला न्याय?

अडीचशेचा आकडा मलाही फुगलेला वाटतो. पण आकडा फुगवणं आणि सोबत्याबद्दल खोटं बोलणं एका पारड्यात घालू नका.

तारायंत्र

मी सिग्नल्समध्ये (लष्कराच्या संदेशवहन विभागात) नोकरी करून निवृत्त झालो. तुमच्या वादात माझ्या दृष्टीनं मुख्य मुद्दा बाजूलाच पडलाय: ती तुकडी कुणा एकामुळे बुडाली नाही.

त्यांना दिलेल्या फ्रिक्वेन्सीच त्या भागासाठी चुकीच्या होत्या. आठ माणसं शत्रूच्या मुलखात संच उघडून बसली आहेत, एरियल पुन्हा पुन्हा बदलून पाहताहेत, आणि पलीकडून उत्तर नाही. अशा वेळी ऑपरेटर आधी स्वतःची चूक शोधतो. एरियलची लांबी, दिशा, बॅटरी, सगळं परत तपासतो. चूक त्याच्या हातातल्या कागदावर छापलेली आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही. त्यात माणशी ओझं नव्वद किलोंच्या वर आणि जमीन खडकाळ, गोठलेली, लपायला खड्डा खणणंही कठीण. सोबत गाडी नाही. गाडी न्या असं आपण सुचवलं होतं, असं रेजिमेंटचे सार्जंट मेजर पीटर रॅटक्लिफ यांनी नंतर त्यांच्या पुस्तकात लिहिलंय. ते न ऐकणं हा तुकडीचा निर्णय. फ्रिक्वेन्सी मात्र वरून आली.

एवढं सगळं असताना वाचकांच्या लक्षात काय राहतं? मेंढपाळ पोरगा आणि विन्स. एका माणसाचा दोष गोष्टीत नीट बसतो, चुकीचा फ्रिक्वेन्सीचा तक्ता बसत नाही. म्हणून मी अक्षरवेल यांच्या बाजूनं आहे, पण वेगळ्या कारणानं. मेलेल्या सार्जंटवर बोट रोखलं की तक्ता देणारे सुटतात.

नदीकाठ

हे सगळं वाचून वाटतं, विशेष दलातल्या माणसांना लिहायला मनाईच असावी. ब्रिटिशांनी १९९६ पासून गोपनीयतेच्या करारावर सह्या करून घ्यायला सुरुवात केली ते योग्यच. पैसा आला की गोष्ट रंगते.

तारायंत्र

@नदीकाठ, नाही हो. त्याच करारानं काय झालं ते पाहा. याच तुकडीतला माइक कोबर्न (हेही टोपणनाव), न्यूझीलंडचा. पाय आणि हात गोळीनं जायबंदी होऊन पकडला गेलेला. त्याला स्वतःची बाजू लिहायची होती, विन्सची बाजू घ्यायची होती आणि वरिष्ठांनी तुकडीला वाऱ्यावर सोडलं हेही सांगायचं होतं. ब्रिटिश सरकार त्याच्यावर कोर्टात गेलं. सही केली नाही तर मूळ पलटणीत परत पाठवू अशी टांगती तलवार होती, म्हणून सही केली, असं त्याचं म्हणणं. तरी २००३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं (तेव्हा न्यूझीलंडचं शेवटचं अपील लंडनच्या या न्यायपीठाकडे जाई) करार वैध ठरवला. पुस्तक २००४ मध्ये आलं, पण नफ्यावर हक्क सरकारचा. ज्यांनी आधी लिहिलं त्यांच्या पुस्तकांवर चित्रपट निघाले, आणि त्यांना खोडून काढणाऱ्याला वर्षानुवर्षं वकील. मनाईचा फायदा नेहमी पहिल्या गोष्टीला होतो.

आपल्याकडेही वेगळं नाही. माजी लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांचं आत्मकथन जानेवारी २०२४ मध्ये यायचं होतं. ते लष्कर आणि संरक्षण मंत्रालयाच्या तपासणीत अडकलं.

अक्षरवेल

@तारायंत्र, फ्रिक्वेन्सीचा मुद्दा फार मोलाचा. त्याबद्दल मनापासून आभार.

@माळरान, सद्दामच्या राज्यातल्या साक्षींबद्दलची तुमची शंका रास्त आहे. पण आपल्या मराठी वाचकाला हे कोडं नवं नाही. पानिपतच्या बखरी आपण वाचतो, त्यातला आवेश आपल्याला भिडतो, पण सैन्याचे आकडे कुणी बखरीवरून घेत नाही. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हापासून बखरीसमोर अस्सल पत्र ठेवायचं हे आपण शिकलोय. बखरकाराला कुणी खोटारडा म्हणत नाही, पण त्याच्या शब्दावर कुणाला दोषीही ठरवत नाही. रायनला मी एवढंच लावतेय. तो कसा चालला, तहानेनं काय झालं, पायांची काय दशा झाली, हे त्याचं अनुभवाचं. त्यावर माझा विश्वास आहे. विन्सच्या मनात काय होतं, हे त्याला कसं कळलं?

माळरान

@अक्षरवेल, शेजारी चालणाऱ्या माणसाला कळतं. एकाच खड्ड्यात अंगाला अंग लावून ऊब घेणाऱ्याला नक्की कळतं. तिथे पत्र कुणी लिहीत नसतं, त्यामुळे राजवाड्यांची कसोटी इथे लागू पडत नाही.

एक मात्र मान्य करतो, टोपणनावाचा तुमचा मुद्दा बिनतोड आहे. स्वतःला नाव लपवायची सोय असेल तर विन्सलाही ती द्यायला हवी होती.

कुसळ

ज्यांनी फक्त रायन वाचलाय त्यांनी कोबर्न जरूर वाचावा. त्याच वाळवंटातला, त्याच आठांतला. त्याचा विन्स वेगळा आहे.