२००९ ची ऑटोमॅटिक, घाटात तापली की २ वरून ३ ला जाताना घसरते, गॅरेजवाले बॉक्स खोला म्हणतायत

माहुलीकर

नमस्कार मंडळी, बाबांच्या गाडीबद्दल विचारायचंय. २००९ ची पेट्रोल सेडान, ५ स्पीड ऑटोमॅटिक, सेकंडहँड घेतलेली, रनिंग १ लाख ३० हजारच्या पुढे गेलंय. बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळे क्लचची गाडी त्यांना जमत नाही, ही गाडी बसली तर त्यांचं एकट्याने बाहेर पडणंच बंद होईल म्हणून जीव अडकलाय हिच्यात.

त्रास असा, सकाळी थंड असताना D टाकला की दोनतीन सेकंद काहीच होत नाही आणि मग गाडी एकदम पुढे सरकते. R टाकला की खालून धाडकन आवाज. गावात फिरताना बरी चालते पण पुण्याहून येताना खंबाटकी चढायला लागलो आणि गिअरबॉक्स चांगला तापला की २ वरून ३ ला जाताना आरपीएम नुसता वर पळतो, गाडीला ओढ नाही, आणि मग दणका देऊन गिअर पडतो. मागच्या वेळी तर घाटातच डॅशबोर्डवर D चा लाइट ब्लिंक व्हायला लागला आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकली, बाजूला घेऊन बंद करून परत चालू केली तर नॉर्मल.

इथल्या एका गॅरेजवाल्याने एक राउंड मारला आणि म्हणाला गिअरबॉक्स गेला, खोलून ओव्हरहॉल, सव्वा लाखाच्या आसपास. दुसरा म्हणतो कुर्ल्याहून सेकंडहँड बॉक्स आणून बसवू, निम्म्यात होईल. तिसरा म्हणाला आधी ऑइल बदला, तर शेजारचे काका म्हणतात एवढ्या जुन्या ऑटोमॅटिकचं ऑइल बदललं की ती दुसऱ्याच दिवशी बसते. आधीच्या मालकाने गिअर ऑइल कधी बदललं याचा एकही कागद नाही. सुरुवात कुठून करू?

पाना_नंबर_दहा

दादा, आधी एक गोष्ट, बॉक्स खोलायला कुणालाही हो म्हणू नका. एका राउंडमध्ये गिअरबॉक्स गेला असं सांगणाऱ्याने ऑइल बघितलं का, स्कॅनर लावला का? मी कोल्हापुरात ऑटोमॅटिकचीच कामं करतो. खोलायला म्हणून आलेल्या बऱ्याच गाड्या न खोलता परत जातात, त्यामुळे हे तळमळीने लिहितोय.

५ स्पीड म्हणताय आणि २००९ ची आहे म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरवाली, क्लच पेडलऐवजी ऑइलमधून इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारी. हे सांगायचं कारण असं की आता लोक सगळ्यालाच ऑटोमॅटिक म्हणतात. एएमटी आपल्याकडे २०१४ ला सेलेरिओपासून आली, ती आतून मॅन्युअलच असते, फक्त क्लच आणि गिअर मशीन दाबतं, तिचं दुखणं वेगळं. सीव्हीटीत पट्टा असतो, तिचं ऑइलही वेगळं. खाली जे लिहितोय ते फक्त टॉर्क कन्व्हर्टरसाठी.

पहिलं ऑइल. लेव्हल बघायची पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी आहे आणि इथेच गोंधळ होतो. बऱ्याच गाड्यांत इंजिन गरम करून, सपाट जागेवर, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या पोझिशनमधून एकदा फिरवायचा आणि P मध्ये इंजिन चालू ठेवून डिपस्टिक बघायची. होंडाच्या बऱ्याच बॉक्समध्ये उलटं, गरम करून इंजिन बंद करायचं आणि मिनिट दीड मिनिटाच्या आत बघायचं. काही गाड्यांना डिपस्टिकच नसते, तिथे खालचा लेव्हल प्लग उघडून ठराविक तापमानाला बघावं लागतं. तुमच्या मॅन्युअलमध्ये जे असेल तेच करा, अंदाजाने नको.

मग पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब टाका. लालसर किंवा थोडं तपकिरी असेल तर अजून जीव आहे. काळं आणि जळका वास असेल तर आतल्या क्लच प्लेटा जळल्यात, मग खर्चाची तयारी ठेवा. आणि गुलाबी दुधासारखं दिसलं तर गाडी चालूच करू नका, म्हणजे आत पाणी किंवा कुलंट गेलंय.

तुमची लक्षणं वाचून मला लेव्हल कमी असल्याचा दाट संशय येतोय. चढावर ऑइल खालच्या चेंबरमध्ये, म्हणजे ऑइलच्या टाकीत, मागे सरकतं, लेव्हल कमी असेल तर पंप ऑइलबरोबर हवा ओढतो, प्रेशर बनत नाही आणि प्लेटा घसरतात. त्यात तापल्यावर ऑइल पातळ होतं म्हणून गावात चालणारी गाडी घाटात मान टाकते. सकाळचा उशीर पण यातूनच येऊ शकतो. आता ऑटोमॅटिकचं ऑइल इंजिनसारखं जळून कमी होत नाही, कमी झालंय म्हणजे कुठून तरी गळतंय. ऑइल थंड करणाऱ्या कूलरकडे जाणारे होज पाइप, त्यांच्या क्लिपा, एक्सलचे सील, चेंबरचं पॅकिंग हे सगळं खालून बॅटरी मारून बघा.

दुसरं स्कॅनर. D ब्लिंक झाला म्हणजे कॉम्प्युटरने कोड साठवलाय, लाइट गेला तरी कोड बहुतेक वेळा राहतो. बंद करून चालू केल्यावर गाडी नॉर्मल होते यावरून इलेक्ट्रिकलचा भाग असावा असं वाटतं, पण नक्की म्हणत नाही, नुसती स्लिप दिसली तरी कॉम्प्युटर गाडीला एका गिअरमध्ये बांधून ठेवतो म्हणजे जास्त नुकसान होऊ नये. म्हणून कोड वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. मोबाइलला जोडायचं स्वस्त ब्लूटूथवालं यंत्र बऱ्याचदा फक्त इंजिनचे कोड दाखवतं, पी ०७०० दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी नोंद आहे, खरा कोड काढायला चांगला स्कॅनर लागतो. पी ०७३० म्हणजे गिअरचा रेशो जुळत नाही, बहुधा आत घसरतंय, पी ०७१५ आणि पी ०७२० स्पीड सेन्सरचे, पी ०७५० पासून पुढचे सोलेनॉइडचे, म्हणजे ऑइलची वाट उघडझाक करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हचे. रेशोचा कोड आणि सेन्सरचा कोड यात तुमच्या खिशातला लाखभर रुपयाचा फरक आहे.

सावंतवाडी_एक्सप्रेस

R टाकल्यावर धाडकन वाजतं ते गिअरबॉक्सच्या आतलं असेलच असं नाही हो. आधी फाउंडेशन बघा. इंजिन माउंटिंगचं रबर पंधरा वर्षांत फाटतंच, विशेषतः ज्यात आत तेल असतं ते. बघायची पद्धत, सपाट जागा, चाकाला ओंडका, हँडब्रेक, एकाने ब्रेक पूर्ण दाबून D मधून R आणि R मधून D करायचं, अॅक्सिलरेटरला हात पाय काही लावायचा नाही, दुसऱ्याने बाजूला उभं राहून, गाडीच्या पुढे अजिबात नाही, उघड्या बॉनेटमधून इंजिन बघायचं. इंजिन टुणकन उडत असेल तर माउंटिंग गेलं. आयडल आरपीएम जास्त असेल तरी असाच दणका बसतो, थ्रॉटल बॉडी काळी झाली असेल तर साफ करून घ्या.

आमच्याकडे खाऱ्या हवेत अजून एक दुखणं नेहमी निघतं. लिव्हरच्या केबलच्या टोकाला गिअरबॉक्सवर एक स्विच असतो, गाडी कुठल्या पोझिशनला आहे ते कॉम्प्युटरला तोच सांगतो. त्याच्या आत गंज धरला की P मध्ये असूनही स्टार्टर फिरत नाही, रिव्हर्सचा दिवा लागत नाही, D चा दिवा मधेच जातो. तुमच्याकडे यातलं काही होतंय का बघा. बॅटरी पण तपासा, जुनी झाली आणि व्होल्टेज पडलं की गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर काहीही करतो, अर्थची वायर बॉडीला जिथे लावलीय तिथे घासून साफ करा, फुकटचं काम आहे.

आणि एक विनंती, रस्त्यात बसली तर दोरी लावून ओढून नेऊ नका, पुढची चाकं जमिनीवर फिरतात पण इंजिन बंद म्हणून पंप बंद, आतले पार्ट कोरडेच फिरून खातात. पूर्ण गाडी वर घेणारा फ्लॅटबेडच बोलवा.

कर्वेनगर_कट्टा

काकांचं म्हणणं अगदीच चूक नाही, माझ्या भावाच्या गाडीत ऑइल बदलल्यावर आठवड्यात बॉक्स घसरायला लागला. जुन्या ऑइलमध्ये प्लेटांची झीज मिसळलेली असते त्याच्यावरच त्या पकडून असतात, नवीन टाकलं की पकड जाते. मी तरी म्हणेन लेव्हल टॉप अप करा आणि चालेल तेवढी चालवा.

एडिसनचा_आप्पा

वर ज्यांनी भावाचं उदाहरण दिलंय त्यांना विचारायचंय की ऑइल बदललं ते का बदललं होतं? बहुतेक वेळा गाडी आधीच घसरत असते, शेवटचा उपाय म्हणून लोक ऑइल बदलतात, मग बॉक्स जातो आणि दोष नवीन ऑइलवर येतो. मी न्यू जर्सीत आहे, इथे आम्ही सगळे ऑटोमॅटिकच चालवतो आणि माझ्या जुन्या मिनीव्हॅनचं ऑइल मी स्वतः घरी बदलतो. भीती बाळगायची ती मशीन लावून प्रेशरने केलेल्या फ्लशची, त्यात कुठे कुठे बसलेला गाळ सुटून बारीक जाळ्यांमध्ये अडकू शकतो. नुसता ड्रेन प्लग काढून जेवढं येईल तेवढं काढायचं आणि मोजून तेवढंच भरायचं यात असा धोका नाही. प्लग काढला तरी सगळं ऑइल निघत नाही, निम्म्याहून जास्त टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि आत राहतं, म्हणून एकदा बदलून काही दिवस चालवायची, परत बदलायचं, असं तीन वेळा करा, म्हणजे बदल हळूहळू होतो.

प्लग काढाल तेव्हा त्याच्या मॅग्नेटकडे नीट बघा. राखाडी रंगाची बारीक पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचतील असे चकचकीत तुकडे असतील तर मात्र ओव्हरहॉलवाला बरोबर बोलतोय.

ऑइल सगळं लालच दिसतं म्हणून दुकानदार कुठलंही देतो, तसं घेऊ नका. डेक्स्रॉन, टोयोटाचं डब्ल्यूएस, होंडाचं डीडब्ल्यू १, ह्युंदाईचं एसपी ३, प्रत्येकाचं घर्षणाचं गणित वेगळं असतं. डबीवर मॅन्युअलमधलंच स्पेक लिहिलेलं पाहिजे, सगळ्या गाड्यांना चालतं असं लिहिलेलं नको.

अजून एक टेस्ट फुकटची आहे. ६० ७० च्या स्पीडला हलक्या पायाने चालवताना गाडी थरथरत असेल तर अॅक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेक पेडलला फक्त दिवा लागेल एवढा स्पर्श करायचा, मागे गाडी नसताना. थरथर लगेच थांबली तर लॉकअप क्लचचा, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरच्या आतल्या क्लचचा विषय आहे, नाही थांबली तर इग्निशन कॉइल किंवा प्लगकडे बघा, इंजिनचा मिसफायर कित्येकदा गिअरबॉक्सच्या नावावर खपतो.

माहुलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं समजावून कुणी सांगितलं नव्हतं. दरम्यान बऱ्याच गोष्टी झाल्या म्हणून सविस्तर लिहितोय.

मॅन्युअलप्रमाणे गरम करून बघितलं तर लेव्हल डिपस्टिकच्या खालच्या खुणेच्याही खाली. रंग गडद तपकिरी पण जळका वास नाही. रॅम्पवर घेतल्यावर दिसलं की रेडिएटरकडे जाणाऱ्या होजच्या क्लिपेपाशी ओलं आहे आणि तिथून मागे पूर्ण चेंबरवर धूळ चिकटून थर झालाय, म्हणजे गळती जुनीच. रिव्हर्सला इंजिन चांगलंच उचकत होतं, डाव्या बाजूचं माउंटिंग पूर्ण फाटलेलं. पुण्यात एकाने स्कॅनर लावला, पी ०७०० आणि पी ०८४७ निघाला, तो म्हणाला क्लचच्या प्रेशर स्विचचा आहे.

होज क्लिपा बदलल्या, माउंटिंग बदललं, ऑइल एकदा ड्रेन करून भरलं, मॅग्नेटवर फक्त पेस्ट होती. दणका गेला! घाट परत चढून आलो, आरपीएम पळणं खूपच कमी झालंय पण कडक उन्हात अजून किंचित जाणवतं. सकाळचा उशीर निम्मा झालाय, गेला नाही. स्विच अजून बदललेला नाही, आता तो बदलू का आधी उरलेले दोन ड्रेन करू?

पाना_नंबर_दहा

वा, खरंच बरं वाटलं वाचून. मॅग्नेटवर तुकडे नाहीत, वास नाही, म्हणजे प्लेटा अजून आहेत.

स्विच आधी बदला. पी ०८४७ म्हणजे त्या स्विचचा सिग्नल कमी येतोय, पण स्विचच खराब आहे असं कोड सांगत नाही. आधी कनेक्टर काढून बघा आत ऑइल शिरलंय का, वायर कुठे घासलीय का, ते ठीक असेल तर स्विच. तो बाहेरून पान्याने निघतो, बॉक्स खोलावा लागत नाही, आणि क्लच भरलाय का हे कॉम्प्युटरला तोच सांगतो त्यामुळे चुकीचा सिग्नल गेला तर २ वरून ३ ची वेळ चुकते. वॉशर नवीनच घाला आणि टॉर्क मॅन्युअलप्रमाणे, जास्त आवळला तर अॅल्युमिनियमचे आटे जातात. ते झालं की उरलेले दोन ड्रेन.

त्याच वेळी प्रेशर गेज लावून घ्या. बॉक्सवर त्यासाठी प्लग दिलेले असतात, थंड असताना आणि घाटातून आल्यावर तापलेली असताना असे दोन्ही वेळा आकडे घ्या आणि सर्व्हिस मॅन्युअलच्या आकड्यांशी ताडून बघा. लाइन प्रेशर, म्हणजे पंपाचं मुख्य ऑइल प्रेशर, दोन्ही वेळा ठीक असेल तर सकाळचा उशीर हा बहुतेक कडक झालेल्या सीलचा आहे, थंडीत रबर आकसतं. त्याच्यासाठी मी तरी बॉक्स खोलणार नाही. बाबांना सांगा सकाळी स्टार्ट केल्यावर अर्धा मिनिट थांबायचं, D टाकल्यावर गिअर लागलेला जाणवल्याशिवाय अॅक्सिलरेटर द्यायचा नाही. उतारावर पार्क करताना आधी हँडब्रेक, मग P, म्हणजे गाडीचं सगळं वजन आतल्या छोट्या लॉकवर येत नाही.

माहुलीकर

बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले मी सकाळी स्टार्ट करून फाटक उघडायला उतरतो तेवढ्यात तिचं अर्धा मिनिट होतंच. उतरण्याआधी P आणि हँडब्रेक दोन्ही झालेलं असतं ना, ते मी विचारून घेतलं. स्विच मागवलाय. दुकानदार एक बाटली घ्या म्हणतोय, ऑइलमध्ये टाकली की सील मऊ होतात म्हणे. टाकू का?

पाना_नंबर_दहा

आत्ता नको. सील फुगवणारं केमिकल टाकलं की गेजचे आकडे बदलतील आणि मूळ दुखणं किती आहे तेच कळणार नाही. आधी स्विच, मग दोन ड्रेन, मग गेज. गरम असतानाचा आकडा इथे टाका, मॅन्युअलशी ताडून पुढचं सांगतो.